मराठीची अभ्याससामग्री : कुणाकडे आहे, कुणाला मिळते

जुना मराठी शब्द अडला की आज पुण्या-मुंबईचा अभ्यासकसुद्धा शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जातो. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, फलटणच्या मॅक्सिन बर्नसन यांचा मराठी-इंग्रजी कोश, हे सगळे तिथे एकत्र आणि विनामूल्य आहेत. मराठीचे काम शिकागोत का व्हावे, असा खेदाचा सूर अधूनमधून ऐकू येतो. मला तो फारसा उपयोगाचा वाटत नाही. तिथल्या लोकांनी नेमके काय केले, ते पाहण्यात जास्त हशील आहे.

त्यांनी हे कोश पानांचे फोटो काढून चढवले नाहीत. नोंद अन् नोंद टंकून घेतली, शब्द, व्याकरण, अर्थ, उदाहरण असे भाग वेगळे केले आणि मग ते लोकांपुढे ठेवले. मोल्सवर्थच्या कोशात सुमारे ६० हजार शब्द आहेत. दाते-कर्व्यांचे खंड १९३२ ते १९५० या काळात निघाले आणि ते त्याहून कितीतरी मोठे आहेत. एवढा मजकूर शोधण्याजोगा करायचा तर पैसा आणि चिकाटी दोन्ही लागतात. पैसा बऱ्याच अंशी अमेरिकी सरकारच्या शिक्षण खात्याकडून आला. जनतेच्या पैशातून झालेले काम जनतेला मिळाले पाहिजे, हा विचार त्यामागे होता. बर्नसन आणि जाई निंबकर यांनी १९७०च्या दशकात परक्या विद्यार्थ्यांसाठी मराठीचे व्याकरण आणि वाचनपाठ तयार केले. त्या कामालाही याच प्रकारचे अनुदान होते.

आपल्याकडे नेटवर काही नाही, असे मात्र नाही. मराठी विश्वकोशाचे खंड आहेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. साहित्य संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके पीडीएफ रूपात आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके आहेत आणि १९७१पासूनच्या ‘किशोर’चे जुने अंकही. स्वयंसेवकांनी उभा केलेला ‘बृहद्कोश’ अनेक मराठी कोश एका खिडकीत आणतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आहेच. म्हणजे सामग्री आहे. पण एकाने ठेवलेली वस्तू दुसऱ्याला पुढे नेता येते का, हे तपासू लागलो की चित्र बदलते. भाषाविज्ञ आणि भाषाशिक्षक या दोघांच्या जगात ते वेगवेगळ्या तऱ्हेने बदलते.

आधी भाषाविज्ञांचे. या शास्त्रात देवाणघेवाणीची सवय फार जुनी नाही. मुले भाषा कशी शिकतात, याचा अभ्यास करणारा संशोधक महिनोन् महिने एखाद्या घरी जाऊन ध्वनिमुद्रण करी, ते उतरवून घेई, लेख लिही आणि वह्या कपाटात ठेवून देई. हार्वर्डच्या रॉजर ब्राऊन यांनी १९६०च्या दशकात तीन मुलांच्या बोलण्याची टिपणे केली. त्यांनी ती चक्रमुद्रित करून इतरांना दिली, हे त्या काळात अपवादात्मक होते. पुढे १९८४ साली ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी ‘चाइल्डीज’ हा सामायिक संग्रह सुरू केला. आज त्यात कितीतरी भाषांमधल्या मुलांची संभाषणे आहेत आणि ती जगातल्या कुणालाही उतरवून घेता येतात.

या संग्रहावर थोडे थांबायला हवे, कारण त्याच्या यशाची कारणे तांत्रिक कमी आणि माणसांच्या स्वभावाला धरून जास्त आहेत. संशोधक सामग्री द्यायला कचरतो, ती दोन भयांपोटी. माझ्या कष्टांवर दुसरा नाव मिळवील, हे एक. माझ्या चुका लोकांना दिसतील, हे दुसरे. पहिल्या भयावर चाइल्डीजने साधा नियम केला. जो ही सामग्री वापरेल, त्याने ती ज्याने गोळा केली त्याच्या लेखाचा उल्लेख केलाच पाहिजे. त्यामुळे सामग्री देणाऱ्याचे नाव वाढत गेले. दुसऱ्या भयावर सर्वांसाठी एकच लेखनपद्धत हा उपाय होता. मुलाने शब्द अर्धवट सोडला, दोघे एकदम बोलले, बोलणे कळलेच नाही, अशा प्रत्येक गोष्टीला ठरलेले चिन्ह मिळाले. जिथे कळले नाही तिथे तसे लिहिण्याची सोय मिळाली, की चूक लपवण्याची गरजही कमी होते.

याच वृत्तीतून भाषाविज्ञांची हत्यारे विनामूल्य झाली. ध्वनींचे विश्लेषण करणारे ‘प्रात’ ॲम्स्टरडॅम विद्यापीठाच्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवले. चित्रफितीखाली ओळीओळीने टिपणे घालता येणारे ‘एलान’ नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेतून आले. स्वरांची लांबी मोजायला आज मराठीच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा लागत नाही, साधा लॅपटॉप पुरतो. नियतकालिकांच्या बाबतीत तर भाषाविज्ञांनी उघड बंड केले. २०१५ साली ‘लिंग्वा’ या नामांकित नियतकालिकाच्या साऱ्या संपादकांनी प्रकाशकाच्या अटी मान्य नाहीत म्हणून राजीनामे दिले आणि ‘ग्लोसा’ हे सर्वांना मोफत वाचता येणारे नियतकालिक काढले. त्याच्या आदल्या वर्षी बर्लिनमध्ये ‘लँग्वेज सायन्स प्रेस’ उभी राहिली होती. तिची पुस्तके कुणीही उतरवून घेऊ शकते.

संधींची गोष्ट याला जोडूनच येते. नोकरी, शिष्यवृत्ती, परिषद, उन्हाळी शाळा यांच्या बातम्या पूर्वी ओळखीतून फिरत. १९९० साली अँथनी अरिस्टार यांनी ऑस्ट्रेलियातून ‘लिंग्विस्ट लिस्ट’ सुरू केली आणि या बातम्या एका ठिकाणी सर्वांना दिसू लागल्या. महाराष्ट्राला या विषयात ओळखीचा लाभ एकदा भरभरून मिळाला होता. १९५४पासून काही वर्षे रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने, सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने, डेक्कन कॉलेजने भाषाविज्ञानाच्या उन्हाळी शाळा भरवल्या. परदेशी भाषाविज्ञ पुण्याला येत, इथले तरुण तिकडे जात. अशोक केळकर यांनी मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर कॉर्नेल विद्यापीठात १९५८ साली पीएच.डी. मिळवली, ती याच दशकात. भारतातल्या आधुनिक भाषाविज्ञानाची एक पिढी त्या शाळांमधून घडली, हे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

आज तशी शाळा घरबसल्या ऐकता येते, तरी संधी जिथे पोचायला हवी तिथे पोचत नाही. भाषाविज्ञानाचे स्वतंत्र विभाग महाराष्ट्रात मोजक्याच ठिकाणी आहेत. भाषेत खरा रस असलेली मुले बहुधा मराठी विभागात एम.ए. करतात, तेही जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या महाविद्यालयात. या विद्यार्थ्याला परिषदेची घोषणा दिसत नाही, कारण ती इंग्रजीत असते आणि त्याचे प्राध्यापक त्या जाळ्यात नसतात. शाळकरी मुलांसाठी भाषाविज्ञानाचे ऑलिंपियाड असते, त्याची भारतातली पायरी पाणिनीच्या नावाने चालते आणि २०१६ साली आंतरराष्ट्रीय फेरी चक्क म्हैसूरला झाली, हे मराठी शाळांतल्या किती शिक्षकांच्या कानावर गेले असेल? त्या स्पर्धेत अनोळखी भाषेची काही वाक्ये देतात आणि मुलाने त्यांतून नियम शोधायचा असतो. पाठांतर लागत नाही, महागडा क्लास लागत नाही. खेड्यातल्या हुशार मुलाला याहून न्याय्य परीक्षा क्वचितच मिळते. म्हणून ही बातमी मराठीत लिहून शाळांपर्यंत नेणे, हे माझ्या मते एखाद्या नव्या कोशाइतकेच मोलाचे काम आहे.

मराठीच्या बाजूने अलीकडे झालेले सर्वांत आशादायक काम म्हणजे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने केलेले बोलींचे सर्वेक्षण. सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यासक जिल्ह्याजिल्ह्यात गेले. त्यांनी वेगवेगळ्या समाजांतल्या, वयांच्या स्त्री-पुरुषांना बोलते केले आणि नात्यांचे शब्द, रोजच्या वस्तूंची नावे, क्रियापदांची रूपे, गोष्टी टिपल्या. हे सारे नकाशांसह आणि ध्वनिमुद्रणांसह नेटवर खुले आहे. यापूर्वी एवढ्या पसाऱ्याचे काम ब्रिटिश काळात ग्रिअर्सन यांनी केलेल्या भारतीय भाषांच्या पाहणीत झाले होते. तिचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्या वेळी बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट गावोगावच्या कर्मचाऱ्यांकडून स्थानिक बोलीत उतरवून घेत. त्यामुळे त्या नमुन्यांत बोलणाऱ्याचे स्वतःचे जगणे फार थोडे येते. नव्या सर्वेक्षणात माणूस त्याच्या मनातले बोलतो. चंद्रपूरच्या शिक्षकाने वर्गात मालवणच्या बाईंचा आवाज ऐकवला, तर ‘अशुद्ध’ हा शब्द फळ्यावर लिहायला त्याचाच हात धजणार नाही. हे सर्वेक्षण शिक्षकांच्या प्रशिक्षणात आलेच पाहिजे.

पण खुले करणे सगळीकडे इतके सरळ नसते. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या आसपास निहाली बोलणारे लोक राहतात. त्यांची भाषा जगातल्या कुठल्याही भाषाकुळात बसत नाही आणि बोलणारे फार तर काही हजार. जगभरच्या अभ्यासकांना तिचे कुतूहल आहे. तिच्या गोष्टी, गाणी, विधीचे बोल सरसकट नेटवर टाकले तर शास्त्राचे भले होईल. ज्याने गाणे गायले त्याचे काय? जगातल्या मोठ्या भाषासंग्रहांनी याचे उत्तर पायऱ्यांमध्ये शोधले आहे. ‘एलार’ हा संग्रह आधी लंडनला होता, २०२१पासून बर्लिनला आहे. त्यात काही मुद्रणे सर्वांना खुली असतात, काहींसाठी परवानगी मागावी लागते, काही त्या समाजापुरतीच राहतात. २०१९ साली मूलनिवासी समाजांच्या माहितीसाठी ‘केअर’ या नावाने चार तत्त्वे मांडली गेली : समूहाचा लाभ, नियंत्रणाचा हक्क, जबाबदारी, नीती. गोंडी, कोरकू, भिली यांवर महाराष्ट्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने मुद्रणयंत्र सुरू करण्याआधी या चार गोष्टी ठरवून घ्याव्यात, असे मला कळकळीने वाटते. मोल्सवर्थच्या कोशामागे कितीतरी मराठी शास्त्री वर्षानुवर्षे राबले होते. आज आपण तो कोश एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने ओळखतो. तसे पुन्हा घडू नये.

परवान्याचा प्रश्न वरवर रुक्ष वाटतो, पण इथेच बरेच काही अडते. गोवा विद्यापीठाने चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ साली क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. श्रेय द्या, आणि त्यावरून जे कराल तेही असेच खुले ठेवा, एवढीच अट. त्यानंतर विद्यार्थ्यांनी तो मजकूर युनिकोडमध्ये टंकायला घेतला, तो कोंकणी विकिपीडियाला उपयोगी पडला आणि २०१५ साली तो विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाला. विद्यापीठाच्या एका निर्णयाने एवढे झाले. मराठीत सरकारी खर्चाने झालेली कितीतरी पुस्तके वाचायला फुकट आहेत, पण त्यांतला उतारा घेऊन स्वाध्याय बनवावा का, तो छापून वाटावा का, हे शिक्षकाला ठरवता येत नाही, कारण तसे कुठे लिहिलेले नसते.

कायदा शिक्षकाच्या बाजूने बराच आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर तीन मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी पुस्तकांतल्या भागांच्या प्रती काढण्याला कायद्यात मुभा आहे, असा निर्णय दिला. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन भारतात सर्वांचे होते, हीही तरतूद आहे. शिक्षकांना या दोन गोष्टी माहीत असल्या तर त्यांची निम्मी भीती जाईल.

आता शिक्षकांकडे यायचे. माझ्या मते या विषयाचा सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले शिकवत. मुलांची घरची भाषा कन्नड, पुस्तके दुसऱ्या भाषेत. त्यांनी पाठ मुलांच्या भाषेत आणले आणि पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, म्हणजे मोबाइलवर कविता ऐकता येई, धडा पाहता येई. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली. शिक्षकांच्या देवाणघेवाणीचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

अशा वृत्तीचे शिक्षक महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. जोडाक्षरांचे तक्ते, चित्रशब्द, गोष्टींच्या पट्ट्या, कवितांच्या चाली, परीक्षेचे सराव असे काही ना काही रोज त्यांच्या हातून तयार होते आणि व्हॉट्सॲपच्या गटांत फिरते. फिरता फिरता त्यावरचे नाव गळते. मग कुणी त्यावर आपले नाव टाकतो, कुणी त्याची फीत करून पैसे मिळवतो, आणि मूळ शिक्षक पुढच्या वेळी काही पाठवायचे थांबवतो. पुढच्या जूनमध्ये तोच तक्ता हवा असतो तेव्हा फोन बदललेला असतो. चाइल्डीजच्या संशोधकांना जे भय होते तेच इथेही आहे, पण त्यावरचा नियम कुणी केलेला नाही.

त्यात लिपीची अडचण. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे, तरी अनेक शाळांतला आणि छापखान्यांतला मजकूर अजून जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असतो. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. ती शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही, अंध विद्यार्थ्याच्या वाचकयंत्राला ती वाचता येत नाही. म्हणून शिक्षक तिचा फोटो काढून पाठवतो आणि मजकूर कायमचा चित्र होऊन बसतो. वास्तविक ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’सारखे सुंदर, खुल्या परवान्याचे देवनागरी फॉन्ट मुंबईच्याच ‘एक टाइप’ने दिलेले आहेत. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणण्याचे काम शाळांनी एका सुट्टीत मनावर घेतले तरी पुष्कळ होईल.

गोष्टींच्या बाबतीत मार्ग सापडला आहे. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर चित्रांसह गोष्टी खुल्या परवान्याने मिळतात. कुणीही अनुवाद करावा, सोपी आवृत्ती करावी, छापावी. लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावे शेवटपर्यंत गोष्टीला चिकटून राहतात. मराठीसोबत तिथे कोरकूतल्या गोष्टीही आहेत. मेळघाटातल्या मुलाला पहिलीत स्वतःच्या भाषेतले छापील पान पाहायला मिळणे, ही साधी गोष्ट नाही.

आणखी एक गरज नव्याने उभी राहिली आहे. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. ज्या मुलांच्या घरी गुजराती, तमिळ, हिंदी, मल्याळम चालते, त्यांना मराठी दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून शिकवायची आहे. बालभारतीची ‘सुलभभारती’ आहे, पण वर्गात लागणारे खेळ, संवाद, ऐकण्याचे पाठ प्रत्येक शिक्षिका एकटीच बनवते. हाच प्रश्न उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांपुढे आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली तिथे पालकच सुट्टीच्या दिवशी शिकवतात. अभ्यासक्रमाला आणि परीक्षेला पुण्याच्या भारती विद्यापीठाची जोड आहे. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने तर परकी भाषा शिकवण्याचा आपला अनुभव मराठीसाठी वापरून ‘मायमराठी’ ही पुस्तके तयार केली. बोरिवलीची शिक्षिका, न्यू जर्सीची आई आणि जर्मनचे प्राध्यापक एकाच अडचणीशी झुंजत आहेत : ‘मला भूक लागली’ यात कर्ता कोणता, हे मराठी न येणाऱ्या मुलाला व्याकरणाचा बाऊ न करता कसे द्यायचे? त्यांचे पाठ एका ठिकाणी आले तर तिघांचेही कष्ट वाचतील.

शेवटी यंत्रांचे. मद्रास आयआयटीचा ‘एआयफॉरभारत’ गट आणि पुण्याचा ‘एलथ्रीक्यूब’ यांनी मराठी मजकुराचे मोठे साठे खुले केले आहेत. मुंबई आयआयटीत पुष्पक भट्टाचार्य यांच्या मार्गदर्शनाखाली मराठी शब्दजाल (वर्डनेट) तयार झाले. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’वर कुणीही आपला मराठी आवाज देऊ शकते. साठे मोठे झाले, पण माणसाने तपासलेली सामग्री फार तोकडी आहे. ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ या खुल्या प्रकल्पात जगातल्या शंभराहून अधिक भाषांतल्या वाक्यांचे कर्ता, कर्म, विशेषण असे पृथक्करण करून ठेवलेले आहे. हिंदीची त्यात १६ हजारांहून अधिक वाक्ये आहेत. मराठीचा जो संच सर्वांत आधी तिथे आला त्यात ती पाचशेसुद्धा नाहीत.

८ कोटींहून अधिक लोकांच्या भाषेला ही संख्या शोभत नाही, आणि ती वाढवण्याचे कौशल्य आपल्याकडे भरपूर आहे. वाक्यपृथक्करण आपल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या शिकवले गेले आहे; ते शिकवलेले कितीतरी शिक्षक आज निवृत्त आहेत, त्यांच्याजवळ वेळ आहे. मराठी विभागातल्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला हे काम प्रकल्प म्हणून देता येईल. प्रत्येक संचासोबत तो करणाऱ्यांची नावे प्रसिद्ध होतात, म्हणजे बीड किंवा गोंदियाच्या विद्यार्थ्याचे नाव जगभरच्या भाषाविज्ञांपुढे जाईल. अडते ते एवढ्यावर, की या कामाची नियमावली इंग्रजीत आहे आणि ‘त्याला जायचे आहे’ यासारख्या रचनांची फोड कशी करायची, ते मराठीच्या जाणकारांनी बसून ठरवायचे आहे. नियमावलीचा मराठी अनुवाद, अशा अडलेल्या रचनांची उदाहरणांसह यादी आणि पहिली दोनशे वाक्ये तपासून देणारा एक भाषाविज्ञ एवढे जमले, तर येत्या शैक्षणिक वर्षात कुठल्याही महाविद्यालयाचा मराठी विभाग हे काम सुरू करू शकतो.